कोणता जुना खेळ? : संहिता, प्रयोग आणि स्मरणरंजन

१

‘स्मरणरंजन’ या शब्दात एक सूचक गोष्ट दडलेली आहे. ‘रंजन’ म्हणजे करमणूक हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या धातूपासून तो शब्द आला त्याचा मूळ अर्थ रंगणे, रंग चढणे असा आहे. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. घरापासून दूर असलेल्या माणसाला घराच्या ओढीने जडणारे ते दुखणे होते. मराठी शब्द दुखण्याविषयी काही बोलत नाही. आठवणीला रंग दिला जातो, एवढेच तो सांगतो. तो रंग कोण देतो, कशाला देतो आणि मूळ वस्तूचा रंग कोणता होता, हे प्रश्न मात्र त्यातून आपोआप उभे राहतात. प्रस्तुत लेखात हे प्रश्न आम्ही एका खेळाच्या इतिहासाला विचारणार आहोत.

तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार असतो. त्याला या खेळात ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी धर्मोपदेशक. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. अखेरीस कोणी जिंकत नाही. डाव आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालतो. सोंगट्या आणि पट यांवाचूनही तो खेळता येतो. पुस्तकावाचून मात्र त्याची सुरुवातच होत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाकडे वळून पाहावे असे आम्हांस वाटते ते त्यामुळेच. वाचणाऱ्यांनी प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय अपुरे राहणारे असे हे पुस्तक आहे.

या पुस्तकाच्या आवृत्त्या अनेक झाल्या. १९७४ साली पहिली. १९७७ पासून ‘बेसिक’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ असे दोन प्रवाह. १९८९ साली दुसऱ्या प्रवाहाची दुसरी आवृत्ती. २००० साली तिसरी, २००८ साली चौथी, २०१४ साली पाचवी आणि २०२४ मध्ये पाचवीचीच सुधारलेली पुस्तके. प्रत्येक आवृत्तीच्या पाठोपाठ एक तक्रारही येत राहिली आहे, ती अशी की खेळ आता पहिल्यासारखा राहिला नाही. ही तक्रार करणाऱ्यांना ‘पहिला म्हणजे कोणता?’ असे विचारले तर मात्र उत्तरे जुळत नाहीत. कोणाला १९७४च्या पुस्तिका हव्या असतात. कोणाला टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेला १९८१चा संच, तर कोणाला फ्रँक मेन्ट्झर यांची १९८३ची लाल पेटी. २०००च्या आवृत्तीवर वाढलेले खेळाडूही आता मध्यमवयीन झाले आहेत आणि तेही जुन्या दिवसांबद्दल बोलू लागले आहेत. बहुधा प्रत्येकाचा जुना खेळ म्हणजे त्याला प्रथम भेटलेला खेळ असतो.

मराठी नाट्यव्यवहाराने आपल्याला दोन शब्द दिले आहेत, ‘संहिता’ आणि ‘प्रयोग’. या वादाचा उलगडा त्या दोन शब्दांच्या आधारे होऊ शकेल असे आम्हांस वाटते. जुन्या नाटकाविषयी कोणी गहिवरून बोलते तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात छापील पुस्तक नसते, त्याने पाहिलेली एक रात्र असते. या खेळाच्या बाबतीतही तसेच घडते काय, आणि घडत असल्यास त्याचे परिणाम काय होतात, हा आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

२

१९७४ची संहिता कशी होती? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून, टीएसआर या नव्या कंपनीतर्फे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची. मुखपृष्ठावर भूमिका घेऊन खेळण्याचा उल्लेख नव्हता. मध्ययुगीन कल्पित युद्धखेळांचे नियम, असे या पुस्तिकांचे वर्णन तेथे होते.

आत डोकावले तर ही संहिता जागोजागी तुटक दिसते. लढाईच्या नियमांसाठी ती वाचकाला ‘चेनमेल’ या १९७१च्या युद्धखेळाकडे पाठवते. रानावनातील प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच प्रकाशकाच्या खेळाचा नकाशा वापरावा असे सुचवते. सूत्रधाराने काय बोलावे आणि खेळाडूंनी केव्हा काय विचारावे, हे संवादाचा एक छोटा नमुना सोडला तर जवळजवळ कोठेच सांगितलेले नाही. याचे कारण उघड आहे. अर्नसन मिनेसोटातील आपल्या मित्रमंडळात ‘ब्लॅकमूर’ नावाचा डाव आधीपासूनच चालवत होते. त्याच्याही मागे डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली घडवून आणलेला ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ होता. त्यात खेळाडूंनी सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका घेतली होती. म्हणजे येथे प्रयोग आधी झाला आणि संहिता नंतर आली. ज्यांनी प्रयोग पाहिला होता त्यांना या पुस्तिका आठवणीसाठी केलेल्या टिपणांसारख्या पुरेशा होत्या. बाकीच्या वाचकांपुढे त्यांनी एक कोडे टाकले.

हे कोडे लोकांनी आपापल्या परीने सोडवले. अॅरिझोनातील केन सेंट आंद्रे यांना हे नियम इतके किचकट वाटले की त्यांनी १९७५ साली ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतःचाच खेळ लिहून काढला. जे. एरिक होम्स या मज्जाशास्त्रज्ञाने नवशिक्यांसाठी नियमांचे संपादन केले आणि १९७७चा पहिला ‘बेसिक’ संच तयार झाला. लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी १९७५ साली ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे हौशी नियतकालिक सुरू केले. वाचकांनीच लिहिलेली पाने एकत्र बांधून ती सर्वांना पाठवायची, असे त्याचे स्वरूप होते. कोणाच्या टेबलावर जादूचे नियम कसे चालतात आणि कोणी कोणता नियम टाकून दिला आहे, याची चर्चा त्यात चाले. जॉन पीटरसन यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इल्युसिव्ह शिफ्ट’ या ग्रंथात अशा नियतकालिकांच्या आधारे एक गोष्ट दाखवून दिली आहे. हा खेळ म्हणजे डावपेच की अभिनय, सूत्रधाराने फाशाचे ऐकावे की कथेचे, हे आजचे वाटणारे वाद खेळाच्या पहिल्या काही वर्षांतच उभे राहिले होते.

याचा अर्थ असा की ज्याकडे परत जायचे असा एक मूळ खेळ कधी नव्हताच. एक अपुरी संहिता होती आणि तिचे शेकडो प्रयोग होते. खुद्द संहितेलाही याची जाण होती. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखक वाचकांना सुचवतात की शंका आल्यास आम्हांला विचारता येईल, पण कल्पना लढवण्याचे काम तुम्ही आमच्यावर का सोपवावे? हे सौजन्य पुढे फार काळ टिकले नाही.

३

‘खेळ बिघडला’ ही तक्रार किती जुनी आहे, याचे उत्तर चकित करणारे आहे. १९७५ साली गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांची ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी आली. तिच्यात ‘चोर’ हे नवे पात्र होते. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, चाहूल न लागू देता चालणे यांसाठी त्याला शेकडेवारीतले अंक दिलेले होते. आजच्या जुन्या खेळाच्या चाहत्यांपैकी काहींना घसरणीचा आरंभ येथेच दिसतो. त्यांचा युक्तिवाद असा की सापळा हुडकण्याचा अंक एका पात्राजवळ आला, त्या क्षणी तो हुडकण्याचा अधिकार बाकीच्यांनी गमावला. या हिशेबाने सुवर्णयुग अवघे वर्षभर टिकले!

हा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक प्रसंग कल्पून पाहू. भुयारातील एका दालनात भिंतीवर दगडी सिंहाचे मुख आहे आणि त्याच्या जबड्यात एक कडी. जुन्या पद्धतीने खेळणारा विचारतो, ‘दातांखाली धूळ आहे का? जीभ वेगळ्या दगडाची आहे का? मी हात न घालता काठीने कडी ओढतो.’ सूत्रधार प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतो आणि सापळा हळूहळू संभाषणातून उलगडत जातो. नव्या पद्धतीत खेळाडू म्हणतो, ‘मी शोध घेतो’, वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राचे कौशल्य मिळवतो, आणि बेरीज पुरेशी असेल तर सापळा सापडतो. पहिल्या प्रकारात खेळाडूची हुशारी कसाला लागते, दुसऱ्यात पात्राची. पहिल्यात सिंह आपल्याला दिसतो. दुसऱ्यात तो एका आकड्यामागे लपण्याचा संभव असतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जो खेळाडू बोलण्यात चतुर आहे आणि ज्याला सूत्रधाराचा स्वभाव पाठ आहे, त्याचे जुन्या पद्धतीत फावते. बुजरा खेळाडू अतिशय धूर्त पात्र घेऊन बसला तरी तो गप्पच राहतो. नव्या नियमांनी त्याच्या हाती एक अंक दिला. फाशापुढे वशिला चालत नाही. नियम वाढले ते केवळ पुस्तके खपवण्यासाठी, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की नियम हा दुबळ्याचाही आधार असतो.

साहित्यसमीक्षेत वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांचा विचार मांडला, तोही याच १९७० च्या दशकात. वाचक त्या जागा भरतो म्हणून वाचन घडते, असे त्यांचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. या खेळात रिक्त जागा कधी कधी अक्षरशः छापलेल्या असत. माइक कार यांच्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’ या नवशिक्यांसाठीच्या साहसपुस्तिकेत दालनांच्या वर्णनाखाली राक्षस आणि खजिना लिहिण्यासाठी कोऱ्या ओळी सोडलेल्या आहेत. वाचकाने पेन्सिल घेऊन पुस्तक पूर्ण करायचे. जुन्या खेळाच्या आठवणीत जे खरेखुरे मोल आहे ते आमच्या मते या कोऱ्या ओळींत आहे. फक्त एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. काही जागा हेतुपूर्वक कोऱ्या सोडलेल्या होत्या, तर कित्येक जागा लेखकांना सुचले नाही किंवा पानांत मावले नाही म्हणून रिकाम्या राहिल्या होत्या. स्मरणरंजन या दोहोंना एकाच रंगात रंगवते.

४

कोऱ्या ओळी पुढे का आटल्या? त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच व्यवहारही होता. १९७७ ते १९७९ या काळात ‘अॅडव्हान्स्ड’ मालिकेची तीन जाड पुस्तके निघाली. त्यांच्यासोबत गायगॅक्स यांची भूमिकाही बदलली. पाच वर्षांपूर्वी वाचकांवर कल्पना सोपवणारा लेखक आता सर्वत्र सारखेच नियम पाळले जावेत असा आग्रह धरू लागला. स्पर्धा भरत होत्या, अनोळखी माणसे एका टेबलाशी बसत होती. त्यांना समान नियम हवे होते. शिवाय ‘अॅडव्हान्स्ड’ हा वेगळाच खेळ आहे, असे म्हणण्याला आर्थिक महत्त्व होते. मानधनाच्या प्रश्नावरून अर्नसन यांनी १९७९ साली टीएसआरवर दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. संहिता कोणाची, हा प्रश्न या खेळात इतक्या लवकर न्यायालयात पोहोचला होता.

पुढची वळणे थोडक्यात सांगता येतील. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांची ‘रेव्हनलॉफ्ट’ ही साहसपुस्तिका आली. भुयारात शिरून खजिना आणण्याऐवजी येथे एका शापित सरदाराची करुण कथा केंद्रस्थानी होती. १९८४ पासून ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत खेळाच्या पुस्तिका आणि मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या जोडीने निघू लागल्या. कथानक आधी ठरलेले आणि खेळाडू त्यात पात्रे म्हणून फिरणार, हा बदल कित्येकांना कोऱ्या ओळींवरचा घाला वाटला, तर कित्येकांना याच मालिकेने खेळात आणले. दरम्यान हा खेळ सैतानी असल्याचा गदारोळ अमेरिकेत उठला होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने राक्षस आणि सैतान यांची रूढ नावे गाळून नवी घडीव नावे दिली. तोवर गायगॅक्स कंपनीबाहेर गेले होते. १९९७ साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने टीएसआर विकत घेतली, १९९९ मध्ये हॅस्ब्रोने ‘विझार्ड्स’ला घेतले, आणि २००० साली तिसरी आवृत्ती बाजारात आली.

५

तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक कायदेशीर दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याला ‘खुला परवाना’ म्हणता येईल. खेळाच्या नियमांचा मोठा भाग कोणीही वापरावा आणि त्यावर आधारित पुस्तके विकावीत, अशी मुभा त्याने दिली. नव्या आवृत्तीचा प्रसार व्हावा हा त्यामागचा हेतू होता. झाले मात्र अनपेक्षित. खेळाची पद्धत स्वामित्वहक्काच्या कक्षेत येत नाही, तिची शब्दरचना येते, हे तत्त्व आणि या परवान्याने मोकळी केलेली परिभाषा, यांची सांगड घालून काही चाहत्यांनी जुन्या आवृत्त्या नव्या शब्दांत पुन्हा लिहून काढल्या. २००६ साली स्टुअर्ट मार्शल आणि मॅट फिंच यांच्या प्रयत्नातून ‘ओस्रिक’ निघाले. त्यात ‘अॅडव्हान्स्ड’च्या पहिल्या आवृत्तीचे पुनर्लेखन होते. २००७ साली डॅनिएल प्रॉक्टर यांच्या ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ने १९८१चा संच पायाभूत मानला. २००८ साली फिंच यांच्या ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ने १९७४कडे झेप घेतली. या चळवळीला ‘जुन्या घराण्याचे पुनरुज्जीवन’ अशा अर्थाचे नाव मिळाले. जुन्याकडे परतण्याची वाट नव्याच आवृत्तीच्या परवान्याने खुली केली, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास आहे.

या मंडळींचे काम पाहताना आम्हांस पाठचिकित्सेची आठवण होते. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले; तेथे हस्तलिखिते ताडून पाहत पाठ निश्चित करावे लागले. प्रतिकृती-खेळांच्या कर्त्यांचा आवाका त्या मानाने फार लहान, पण प्रश्न त्याच जातीचे होते. दोन नियम परस्परविरोधी असतील तर कोणता ठेवायचा? नंतरच्या पुरवणीतील भर मूळ समजायची की प्रक्षेप? चोर हे पात्र प्रक्षिप्त मानायचे काय? आणि प्रत्येकाने आपापली वेगळी मूळ प्रत निवडली होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरीही एक गोष्ट दिसते. पुनर्लेखन करताना नव्याचा स्पर्श टाळता आला नाही. जुन्या नियमांत कवचाचा अंक जितका कमी तितके संरक्षण अधिक, अशी उलटी मोजणी होती. २०००च्या आवृत्तीने ती सुलटी केली. ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ १९७४ला प्रमाण मानते, पण सुलट्या मोजणीचा पर्यायही देते. संकटातून निभावण्यासाठी जुन्या पुस्तिकांत अनेक रकाने होते. येथे त्यांचा एकच अंक केला गेला. २०१९च्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शिअल्स’ने तर १९८१चे नियम इतक्या नीटस मांडणीत दिले की मूळ संचाहून ते वापरायला सोपे झाले. जुने परत आले ते असे, हात-तोंड धुऊन आणि भांग पाडून.

२००८ साली फिंच यांनी जुन्या पद्धतीने कसे खेळावे याची एक छोटी पुस्तिका लिहिली. नियम शोधत बसण्यापेक्षा सूत्रधाराने निवाडा करावा, हे तिचे मुख्य सूत्र. पुस्तिका उपयुक्त आहे. मात्र तिच्यातील तत्त्वज्ञान १९७४च्या कोणत्याही पुस्तिकेत इतक्या स्पष्टपणे मांडलेले नाही. चौतीस वर्षांनंतरच्या एका जाणत्या वाचकाने जुन्या संहितेचे केलेले ते भाष्य आहे. योगायोग असा की त्याच वर्षाच्या मार्चमध्ये गायगॅक्स यांचे निधन झाले आणि जूनमध्ये आकड्यांची आणि डावपेचांची भर घालणारी चौथी आवृत्ती आली. अनेकांना एकाच वर्षी दोनदा पोरके झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली ‘द फ्युचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले. एकाला गेलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारायचे असते. दुसरा गेल्या काळाविषयी आणि आपल्या ओढीविषयीही चिंतन करतो. प्रतिकृती-खेळांची चळवळ पहिल्या प्रकारची घोषणा करून दुसऱ्या प्रकारचे काम करत होती, असे आमचे मत आहे. घर उभारता उभारता तिने घराचा अभ्यास केला.

६

परंतु पहिला प्रकार संपलेला नाही, आणि त्याची किंमत काही जणांना मोजावी लागते. १९७८च्या ‘अॅडव्हान्स्ड’ नियमांत स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाची कमाल मर्यादा पुरुष-पात्राहून कमी ठेवलेली होती. ज्या खेळात जादूगार आगीचे गोळे फेकतात, तेथे वास्तवाचा आग्रह नेमका याच ठिकाणी धरला गेला. १९८९च्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली. ‘नव्याने खेळ बिघडवला’ म्हणणाऱ्याने आपल्या यादीत हा बदलही धरला आहे का, हे सांगायला हवे.

जीन वेल्स यांची हकीकत अधिक बोलकी आहे. टीएसआरच्या रचना विभागात नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९८१ साली त्यांची ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ ही साहसपुस्तिका नारिंगी मुखपृष्ठासह छापून तयार झाली. काही चित्रांवर कंपनीतच आक्षेप निघाला, छापलेल्या प्रती मागे घेऊन नष्ट करण्यात आल्या, आणि मोल्डव्हे यांनी मोठे बदल करून हिरव्या मुखपृष्ठाची प्रत त्याच वर्षी काढली. नारिंगी प्रती मोजक्याच वाचल्या आणि संग्राहकांच्या हाती गेल्या. ज्या १९८१ची आठवण इतक्या मायेने काढली जाते, त्याच वर्षी एका स्त्रीची संहिता कचऱ्यात गेली होती. लाखोंच्या हाती जे पडले, ते जुने म्हणून आठवते. जे हाती पडूच दिले नाही, त्याचे स्मरणरंजन कोण करणार?

२०२४ साली, खेळाच्या पन्नाशीनिमित्त, मूळ मसुदे आणि पुस्तिका छापणारा एक भव्य ग्रंथ कंपनीने प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत जुन्या मजकुरातील स्त्रिया, कृष्णवर्णीय, वृद्ध, अपंग यांना दुखावणाऱ्या भाषेचा उल्लेख होता. त्यावरून मोठा वाद झाला. पूर्वजांचा अपमान झाला, असे एका बाजूचे म्हणणे. आम्हांस वाटते की ज्या ग्रंथात जुने पान जसेच्या तसे छापले आहे, त्यात पूर्वज सुरक्षित आहेत. संपादकाने पान बदलू नये आणि पानाविषयी गप्पही बसू नये, हा संपादनाचा साधा धर्म आहे. आपल्याकडील जुन्या संहिता शिकवताना वर्गात आपणही तोच पाळण्याचा प्रयत्न करतो.

७

नव्याच्या बाजूनेही निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतींची विक्री अचानक थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला २०१३ उजाडले. जानेवारी २०२३ मध्ये २०००चा खुला परवाना रद्दबातल ठरवू पाहणारा एक मसुदा बाहेर फुटला. वीस वर्षे ज्या परवान्यावर प्रतिकृती-खेळ आणि शेकडो लहान प्रकाशक उभे होते, त्याखालची जमीनच हलली. जुने चाहते आणि नवे खेळाडू यांनी मिळून इतका विरोध केला की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, परत घेता येणार नाहीत अशा सार्वजनिक परवान्याखाली मोकळे केले. एरवी एकमेकांची खिल्ली उडवणारे दोन पक्ष त्या काही आठवड्यांत एकाच बाजूला उभे राहिले. धोका कोणत्याही एका आवृत्तीला नव्हता. संहिता वाचून आपला प्रयोग उभा करण्याच्या आणि तो इतरांना दाखवण्याच्या अधिकारालाच तो होता.

म्हणून जुने श्रेष्ठ की नवे, या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी आम्ही आठवण काढणाऱ्याला एक विनंती करू. तुमच्या पहिल्या डावातील एखादा प्रसंग सांगा. आमचा अंदाज असा की त्यात नियमाचे कलम येणार नाही. कोणी काय बोलले, सूत्रधार कसा अडचणीत आला, ऐन वेळी फासा कसा फिरला, हेच येईल. ती आठवण प्रयोगाची आहे. ती खरी आहे आणि मोलाची आहे. पण तो प्रयोग ज्या पुस्तकाच्या आधारे झाला त्या पुस्तकाला तिचे सारे श्रेय देता येत नाही, आणि पुढच्या पुस्तकावर तिच्या अभावाचा सारा दोषही ठेवता येत नाही.

त्या दगडी सिंहाच्या जबड्यात काय आहे, हे १९७४च्या पुस्तिकेत लिहिलेले नव्हते आणि २०२४च्या पुस्तकातही लिहिलेले नाही. आज एखादी चौदा वर्षांची मुलगी पाचवी आवृत्ती उघडून प्रथमच सूत्रधार होईल, कोणीतरी तिला विचारील की जीभ वेगळ्या दगडाची आहे का, आणि तिला ते तिथल्या तिथे ठरवावे लागेल. आणखी तीस वर्षांनी ती म्हणेल की खेळ आता पहिल्यासारखा राहिला नाही.